उणे वीस अंशांतले बूट

ओमानमधल्या बरका गावच्या मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये शरीफ परकार कामाला लागला तो १९९७ च्या जूनमध्ये. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत उणे वीस, मध्ये फक्त एक जाड दरवाजा. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ही थंडी कल्पनेतही माहीत नव्हती. अर्बाबने, म्हणजे मालकाने, कोट दिला, हातमोजे दिले. बूट ज्याचे त्याने घ्यायचे.

दुकानात दोनच प्रकार होते. एक सहा रियालचा, रबरी, आत पातळ अस्तर. दुसरा चोवीसचा, जाड तळाचा, आत लोकर, घोट्याच्या बराच वर येणारा. सोबत आलेल्या, तिथेच काम करणाऱ्या गुलजारने स्वतःचा सहावाला बूट पुढे केला आणि हेच घे म्हणाला. पण शरीफच्या डोळ्यांपुढे बाबामियाँचा पाय होता. अकरा वर्षं त्या गोठणघरात काढलेल्या या म्हाताऱ्याच्या उजव्या पायाला दोन बोटं नव्हती, आणि तेही सहाचेच बूट घालायचे. कारण विचारायची शरीफची हिंमत झाली नव्हती. विचारायची गरजही वाटली नव्हती. त्याने चोवीसचे घेतले. त्या रात्री फोनवर बायकोला, जमिलाला, या महिन्यात पैसे कमी येतील, एवढंच सांगितलं.

"शरीफशेठ, विमान कधी सुटतंय लंडनचं?" गुलजार रोज सकाळी त्याच्या जाड बुटांकडे बघून विचारायचा. शरीफ हसून बंद बांधायचा.

आठव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर लगेच मोठा ट्रक आला. शरीफ नेहमीसारखा आत गेला आणि एरवीपेक्षा तासभर जास्त राहिला. सुरुवातीला उजवा पाय ठणकत होता. मग ठणका थांबला. बूट आपलं काम करताहेत, असं वाटून तो मनातल्या मनात खूश झाला.

बाहेर येऊन त्याने उजवा बूट काढला. मोजा बोटांशी कडक झाला होता. ओढला तर आतून बर्फाचा चुरा लादीवर पडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेणबत्तीसारखं पांढरं. त्याने चिमटा काढला. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला काढल्यासारखा. चोवीस रियालच्या बुटात हे कसं झालं, हे त्याला कळेना.

गुलजारने त्याला काखेत धरून उठवलं आणि दारापुढच्या उन्हाने भाजलेल्या पायरीकडे ओढलं. पाय टेकव, लगेच गरम होईल, म्हणत होता.

"खबरदार!" बाबामियाँ धावत आले आणि त्यांनी शरीफला मागे खेचलं. "माझी बोटं थंडीने नाही गेली. याच पायरीवर ठेवली म्हणून गेली. सुन्न पायाला चटका कळत नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा मला समजलं."

म्हणजे शरीफने बूट घेतले ते चुकीच्या भीतीने.

बाबामियाँनी गुलजारला कोमट पाणी आणायला पिटाळलं आणि तो मोजा उचलून पिळून पाहिला.

"ओला कसा हा?"

"नमाजाआधी वजूला पाय धुतले, मग घातला, चाचा."

"पाय न पुसता?"

"गडबड असते ना. रोज असाच घालतो."

बाबामियाँनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या खांद्यावरचा पंचा दाखवत ते म्हणाले की, वजूनंतर ते बोटांच्या मधल्या फटीसुद्धा पुसतात आणि कोरडा मोजा चढवतात. जाड बूट ऊब धरून ठेवतो, तशी ओलही. आत पाणी असेल तर चोवीसचा काय आणि सहाचा काय.

कोमट पाण्याच्या बालदीत पाय बुडाला. बराच वेळ काहीच झालं नाही. बाबामियाँ उभ्यानेच पाण्याकडे बघत राहिले. मग बोटांत हजार सुया एकदम घुसाव्यात अशी कळ आली. शरीफने दात आवळले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"दुखतंय?"

"मरणाचं, चाचा."

"अल्लाचं शुक्र आहे, बोटं जिवंत आहेत," बाबामियाँ म्हणाले आणि पहिल्यांदाच खाली बसले.