मिस इन्शिराहची मूठ

अलेक्झांड्रियातल्या आमच्या इस्पितळात त्या नर्सला सगळे मिस इन्शिराह म्हणत. एमआरआयच्या खोलीत जाणाऱ्या तान्ह्या बाळाचं दुपटं उलगडून टाचणी शोधायची, हे तिचं बारा वर्षांचं काम. मी तिथला इंजिनियर. माझ्या यंत्राचा हात बाळाच्या टाळूवर ध्वनिलहरी नेमक्या धरतो आणि मेंदूत साकळलेलं रक्त कापाकापीशिवाय पातळ करतो. त्या हातात लोखंडाचा कणही नाही, कारण खोलीतलं चुंबक लोखंड खेचून घेतं. पण दृष्ट लागू नये म्हणून आज्या निळा मणी टाचणीने दुपट्यात खोचणारच! काढायला सांगितला की रडारड.

"हाज्जा, मणी माझ्याकडे द्या. मी बाहेर मुठीत धरून उभी राहते. मणी भिंतीपल्याडूनही काम करतो," ती त्या आज्यांना आदराने सांगायची.

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" मी चिडवायचो.

"तुमच्या यंत्राच्या पुस्तकात आज्यांवर एखादं पान आहे का, इंजिनियरसाहेब? नाही ना? मग गप्प बसा."

मागाहून हसून म्हणायची, "आपल्याच पदरची थाप आहे. पण आज्या शांत होतात."

मग तिच्याच लेकीला, हनाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले आणि सत्ताविसाव्या आठवड्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळाच्या डोक्यात रक्त साकळलं. आमच्याकडे नाव सातव्या दिवशी ठेवतात, म्हणून अजून नावही नव्हतं. आज रक्ताची गाठ विरघळली नाही तर पाणी साचून मेंदू दाबला जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

नात्यातल्या माणसाने तपासणी करायची नाही, असा नियम. "माझ्याइतकी तपासणी कोण करणार?" ती म्हणाली आणि मी मान डोलावली. चूक माझी.

तिने दुपटं तीनदा उलगडलं. बाळाला उचलून दाराशी गेली, तर दारावरची, लोखंड ओळखणारी घंटी वाजली. पुन्हा दुपटं सोडलं. काही नाही. पुन्हा घंटी. मिस इन्शिराह थबकली. डोक्यावरच्या रुमालाखाली मानेजवळ हात घालून तिने टाचणी काढली. टाचणीला निळा मणी.

"बाळाला नाही लावला हो. मी स्वतःला लावला. मी तिला उचलणार होते ना, तेवढाच तिच्याजवळ..."

"बारा वर्षं लोकांच्या आज्यांना दटावलंत!" मी ओरडलो. वाया गेलेली ती पाच मिनिटं मला सोसवत नव्हती.

"दटावलं," ती म्हणाली. तिने बाळ दुसऱ्या नर्सकडे दिलं. दार बंद झालं, ती बाहेर राहिली.

यंत्राचा हात सावकाश टाळूवर आला. मी बाहेरच्या खोलीत पडद्यावर डोळे लावून बसलो. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, मूठ घट्ट मिटलेली.

"इंजिनियरसाहेब," ती हळूच म्हणाली, "भिंतीपल्याडून काम करतो का हो?"

पडद्यावरचा डाग अजून तसाच होता.

"करतो," मी म्हटलं. "मूठ उघडू नका."