इनामदार सर सांगतात

आमच्या ऑफिसातले किस्से सांगायला बसलं की मैत्रिणी हसून हसून लोळतात. मीही हसते. पण आमचं ऑफिस म्हणजे चऱ्होलीतला एक फ्लॅट, आणि रोज सकाळी त्याचं दार उघडताना मला धास्ती वाटते, हे कुणाला सांगत नाही. आम्ही ब्लॉग लिहितो. लोक मोबाइलवर जे काही शोधतात, त्यावर आमचा लेख तयार असतो. केस गळतात, बाइक सुरू होत नाही, सासू बोलते, सगळ्यावर उपाय! लोक आले की जाहिराती दिसतात, जाहिराती दिसल्या की आमचा पगार होतो. आणि किस्से? ते सिंकमधल्या भांड्यांसारखे रोज साचतात.

*

आम्ही तिघं. मालक संतोषभाऊ, पूर्वी चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. रेहान, ज्याच्या अब्बांचं भोसरीत गॅरेज आहे. आणि मी, स्वाती.

रेहान गॅरेजातच वाढलेला, म्हणून पहिल्या दिवशी त्यानं हौसेनं बाइकचा विषय मागून घेतला. मथळा होता, "बाइक सुरू होत नाही? हे उपाय करा!" संध्याकाळ झाली तरी खाली एकच ओळ: "आधी गाडी बघावी लागेल."

भाऊ भडकले. "अरे भावा, माहिती असली की माणूस अडतो! ज्याला ज्यातलं कळतं, त्यानं त्यातलं लिहायचं न्हाई!"

तेव्हापासून तो नियमच झाला. बाइक माझ्याकडे आली. मला पेट्रोलचं झाकण कुठं असतं एवढंच माहीत. रेहानकडे गरोदरपणातला आहार गेला. तो बिचारा 'अनुभवी मावशी' या नावानं लिहितो.

आरोग्यही माझ्याच वाट्याला आलं, कारण शाळेत मला विज्ञानात सगळ्यात कमी मार्क होते. भाऊंनी ते मुलाखतीतच विचारून घेतलं होतं! माझ्या लेखांवर नाव असतं 'इनामदार सर'. शेजारी पांढऱ्या मिशांच्या एका हसऱ्या गृहस्थांचा फोटो. तो कुठून आणला, ते भाऊंनाच माहीत.

*

आता खरी पंचाईत ऐका. माझे वडील, आण्णा, इनामदार सरांचे पक्के भक्त! मूळचे खेडकडचे, आता रिटायर होऊन दिघीत आमच्या घरी दिवसभर मोबाइल घेऊन बसतात. सर म्हणाले म्हणून त्यांनी चहा सोडला. पुढच्या महिन्यात भाऊंनी मला चहाच्या फायद्यांवर लिहायला लावलं, तर आण्णांनी परत धरला.

"सरांचा अभ्यास वाढला आसंल," ते आईला म्हणाले.

मी घरी फक्त 'कंप्युटरवर काम' एवढंच सांगितलेलं. हे एक दिवस अंगाशी येणार, ही धास्ती तेव्हापासूनची.

*

भाऊंचा दुसरा नियम: माणूस पानावर थांबला पाहिजे! म्हणून शेंगदाण्याच्या आमटीच्या लेखात आधी शेंगदाण्याचा इतिहास, मग फायदे, मग तोटे, आणि कृती पार तळाशी.

एकदा एका बाईंची कमेंट आली: "अहो, कढईतून धूर निघायला लागला, फोडणीत काय घालू ते कुठं लिहिलंय?"

माझी पाचावर धारण बसली. भाऊंनी मात्र टाळी वाजवली. "बघितलं का? घर पेटायची वेळ आली, पण बाई हलली न्हाई, राव!"

मी घाईघाईनं लिहिलं, "आधी गॅस बंद करा." त्यांचं उत्तर काही आलं नाही. मी दिवसभर ते पान उघडून बघत होते.

*

खंडेनवमीला चाकणच्या कंपन्यांत मशिनींची पूजा होते. भाऊंची सवय सुटलेली नाही. लॅपटॉपना झेंडूचे हार, राउटरला हळदकुंकू, दारात नारळ. नेमकं त्याच दिवशी सर्चवाल्यांनी काहीतरी नियम बदलले आणि आमच्या साइटवरची गर्दी धाडकन खाली आली!

भाऊ पांढरेफटक पडले. "राउटरला कुंकू कुणी लावलं?"

"तुम्हीच, भाऊ," रेहान म्हणाला.

"आन् नारळ?"

"तोही तुम्हीच."

भाऊंनी रुमालानं राउटरवरचं कुंकू पुसून काढलं. मग म्हणाले, "मग त्या सर्चवाल्यांनीच पूजा केली नसंल!"

आम्ही हसलो, पण या महिन्याच्या पगाराचं काय, हा प्रश्न होताच. सर्चमध्ये सगळे लेख खाली गेले. एकच वर टिकला, इनामदार सरांचा, 'छातीत जळजळ? घरच्या घरी करा हे उपाय'. भाऊ म्हणाले, "आता सरच आपल्याला तारतील. त्या लेखाला हात लावू नगंस!"

*

मग ती सकाळ. मी ऑफिसला निघाले होते. आण्णा खाटेवर बसलेले, हातात ओव्याच्या पाण्याचा पेला, अंगाला दरदरून घाम.

"आण्णा, दवाखान्यात चला!"

"काय न्हाई गं, जळजळ हाय. सर सांगत्यात, ओवा घ्या आन् पडून ऱ्हावा. डावा हात तेवढा जड झालाय."

मी ओरडलेच. "आण्णा, ते सर म्हणजे मी! ते सगळं मी लिहिलंय!"

एवढ्या दुखण्यातही त्यांना हसू आलं. "तू? इज्ञानात नापास व्हता व्हता ऱ्हायलीस. गप बस."

आई रडायला लागली. शेजारचे आले. आण्णा कुणाचंच ऐकेनात. मी मोबाइलवर साइट उघडली. लेखाच्या अगदी वर लिहिलं: "छातीत दुखतंय, घाम येतोय, हात जड झालाय? पुढचं काहीही वाचू नका. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा! – इनामदार सर."

"आण्णा, सरांनी लेख बदललाय. बघा तरी!"

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. पेला खाली ठेवला. "मग बसलीस काय? रिक्षा बोलव. सर सांगत्यात!"

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आण्णांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून पोटभर रडले. तेवढ्यात भाऊंचा फोन आला.

"स्वाती, त्या लेखाला काय केलंस गं तू? लोक येत्यात, दोन ओळी वाचत्यात आन् निघून जात्यात! एक माणूस थांबंना!"