आसारामचा मीटर आणि लंकाबाईंचा कान

माझा धाकटा भाऊ आसाराम सुप्याच्या एका कारखान्यात वायरी तपासण्याचे काम करतो. मीटरवर आकडा पाहिल्याशिवाय तो कोणतीही गोष्ट खरी मानत नाही.

आमच्या भैरवनाथाच्या देवळात दर एकादशीला भजन होते. लंकाबाई तीस वर्षे पखवाजाशेजारी बसून चाल उचलत आल्या होत्या. देवळातील दोन स्पीकरची वायर उंदरांनी कुरतडली, म्हणून आसारामने तशीच नवी वायर बसवली. त्यानंतरच्या पहिल्याच भजनात लंकाबाई म्हणाल्या, "आसाराम, पखवाज पोकळ झाला रं. ही वायर काढ."

आसारामने सर्वांसमक्ष जुन्या वायरीचा शाबूत तुकडा आणि तेवढीच नवी वायर मीटरवर मोजली. आकडा एकच आला. मावशींचे कानच एकदा मीटरला लावून पाहा, असे कोणी म्हणाले आणि मंडळी हसली. बाई तरीही ऐकेनात, तेव्हा पुजाऱ्यांनी बेलभंडारा पुढे केला. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर घराण्याला बाधा होते, असे आम्ही मानतो. आसारामने तो उचलला आणि दोन्ही वायरींत फरक नाही, असे सांगितले. त्याची सून ज्ञानेश्वरी तेव्हा सातव्या महिन्यात होती.

कान गेलेल्या माणसाने चाल उचलू नये, असे मंडळींनी ठरवले. लंकाबाईंची जागा पायरीपाशी गेली.

आठवड्याभराने भर दुपारी आसाराम माझ्या घरी आला आणि पाणीही न घेता सांगू लागला. शंका आली म्हणून त्याने स्पीकर उघडून पाहिले होते. जुन्या वायरीच्या एका पदरावर तांबडी रेघ होती. नवीचे दोन्ही पदर काळे. त्यामुळे एका स्पीकरचे पदर उलट जोडले गेले होते. एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकली, तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढी, आणि पखवाजाची धुमी, म्हणजे डाव्या बाजूचा घुमारा, मधल्यामध्ये विरून जाई.

"आक्का, म्या वायर मोजली. जोड मोजलाच न्हाई."

मी त्याला मंडळींना सांगण्यास सुचवले.

"शपथ खोटी न्हाई माझी. पन बाईचं खरं हुतं म्हनलो, तर लोक शपथ मोडली म्हनत्याल. घरात पोर अशी अवघडलेली."

मग मीही तो विषय सोडून दिला. तो दोष माझाही आहे.

त्याने गुपचूप पदर बदलले. पुढच्या एकादशीला पखवाज पूर्वीसारखा घुमला. पाहा, काहीच बिघडले नव्हते, असे मंडळी म्हणाली. भजन संपल्यावर लंकाबाईंनी पायरीवरून त्याला हाक मारली.

"आज वायर बदलली व्हय रं, आसाराम?"

तो मीटरची पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

"न्हाई, मावशी. तीच हाय."

"मग माझंच चुकलं म्हनायचं."

त्यांनी आपल्या टाळाची दोरी गुंडाळली, टाळ त्याच्या हातात दिले आणि त्या घराकडे निघाल्या. ते टाळ आसारामच्या घरी खुंटीला आहेत. ज्ञानेश्वरीला मुलगी झाली, सुखरूप आहे. लंकाबाई देवळात येत नाहीत.