डॉक्टरांच्या समुद्राखालची पाचर

सोलापूरचा माणूस आठवणी सांगायला लागला म्हंजे तुमी मनात चादर अंथरून बसला असणार. शेजारी शेंगाच्या चटणीची वाटी बी घेतली असंल. उचला ते सगळं. मी समुद्राची गोष्ट सांगणार हाय. सोलापुरात समुद्र आल्ता, लॉरीत बसून आल्ता, आन त्यो ठिवायला खालचं स्टँड आमच्या मामानं केलं व्हतं. मी करवतीचं दुसरं टोक धरलं व्हतं. म्हंजे निम्मं मीच केलं असं मी मोडनिंबच्या दोस्तांना सांगत आलोय.

मोडनिंबच्या शाळेत मला एकच विषय पक्का येत व्हता, हेडमास्तरांचा आवाज काढणं. त्यावर कुटं नोकरी मिळंना, म्हणून आईनं मला मामाकडं सोलापूरला धाडलं. मामा हातमाग बनवणारा सुतार. आमच्या भागात निम्म्या घरात त्येच्या हातचा माग. पण त्या सालात जिकडं तिकडं पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला, आन लाकडी माग करून घ्यायला कोण येईना. मामी म्हणायची, पलंग करा, कपाटं करा. मामा रंध्याकडं बघत बसायचा.

अशात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. त्यांनी एक काचेची पेटी मागवली व्हती, माणूस आडवा झोपंल एवढी. त्यात समुद्राचं पाणी भरायचं, समुद्राचे मासे सोडायचे.

"मिस्त्री, पेटी पाण्यासकट पेलेल असं स्टँड पाहिजे. लोखंडी नको, मिठाच्या पाण्यानं गंजतं."

"लोखंडाचं नाव काढू नका," मामा म्हणाला. "एक खिळा वापरणार न्हाय मी."

बाहीर आल्यावर मी इचारलं, "मामा, कदी केलंय का असलं?"

"न्हाय. पण हे उभं राहिलं तर लोक म्हणतील, मागाच्या सुताराला दुसरं बी येतंय. आडवं झालं तर मी दुकानाला कुलूप लावतो आन मिलच्या गेटवर वॉचमन हुतो."

मला हसू आलं न्हाय. मामाचा चेहरा बघून कुणालाच आलं नसतं.

मग मामानं सागवान काढलं आन आयुष्यभर जे केलं तेच केलं. मागात खिळे नसतात. लाकडाला खाच पाडायची, त्यात दुसरं लाकूड घालायचं, आन बाहीरनं लाकडाची पाचर ठोकून आवळायचं. सोलापूरच्या उन्हानं लाकूड आटतं, पाचर सैल पडती. म्हणून विणकर सकाळी मागावर बसायच्या आदी पाचरी बघतो, सैल असंल ती ठोकतो. दात घासल्यासारखं हाय ते. आई शिकवती, बाप शिकवतो, मग कोण सांगायला लागत न्हाय.

स्टँड झाल्यावर मामानं गल्लीतल्या जाड जाड माणसांना बोलावून त्यावर बसवलं. पीठगिरणीवाले, त्यांची बायको, भजनी मंडळातले दोघं, वर मामी. सगळे दाटीवाटीनं बसलेले असताना मी मागं उभं राहून तोंडानं लाकूड मोडल्याचा आवाज काढला. गिरणीवाले उडी मारून जे पळाले ते पार कोपऱ्यावर. मामानं मला रंध्याचा दांडा दाखवला. स्टँड तसूभर हललं न्हवतं.

मग मुंबईवरनं लॉरी आली. दुष्काळाचं साल. नळ कवा येईल ते नळालाच म्हाईत. आन डॉक्टरांच्या दारात पाण्याचे कॅनचे कॅन उतरायला लागले! मी बघतोय तर गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत. मी वरडलो, "खारट हाय ते!" माझ्यावर कोण इश्वास ठिवतंय? एका मावशींनी सांडलेलं ओंजळीत धरलं आन प्याल्या. त्यांचं तोंड जे झालं ते मी अजून करून दाखवतो.

"मीठ आणलंय मुडद्यांनी लॉरी भरून!" म्हणत त्या गेल्या. रांग बी गेली.

पेटी भरली. लाकूड एकदाच कुरकुरलं आन गप झालं. मामाचा श्वास तवा सुटला. आठवड्यानं मासे आले, नारंगी अंगावर पांढरे पट्टे, जसं कुणी चुन्यानं वडलेत. डॉक्टरांनी रविवारी सगळ्यांना बघायला बोलावलं. मामा धुतलेलं धोतर नेसून आला आन स्टँडच्या शेजारीच उभा राहिला. लोक माशांकडं बघायचे, आन मामा लोकांकडं, कुणी खाली बघतंय का म्हणून. कोण बघंना.

त्या गर्दीत तातय्या आले. तातय्या म्हंजे तेलुगूत आजोबा. आमी सगळे त्यांना तसंच म्हणायचो. जन्मभर मागावर बसलेले, मामाचा सगळ्यात जुना माग त्यांच्याच घरात. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ह्याच डॉक्टरांनी केलं व्हतं, आन नवा जाड चष्मा लागून दोन दिवस बी झाले नसतील. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून पुढं आणलं.

"या तातय्या. आता सांगा, दिसतंय का स्पष्ट?"

तातय्या वाकले. चष्मा नाकावर सारखा केला. सगळी खोली गप झाली, की म्हातारा आता मासे बघून काय म्हणतोय.

"दिसतंय," तातय्या म्हणाले. "लई चांगलं दिसतंय."

आन त्यांनी हातातली काठी उलटी केली, आन काठीच्या मुठीनं स्टँडच्या कोपऱ्यातली सैल पाचर ठोकली. थाप. थाप.

मामाचा हात पुढं आला पण तिसरी थाप पडून गेल्ती. पाचर आत गेली की वरची पट्टी त्या कोपऱ्यात केसभर उचलती. मागाला त्यानं काय व्हत न्हाय. काचंला झालं.

टिंग्.

एवढाच आवाज. वाटी पडल्यासारखा. मग काचंवर खालनं वर एक रेघ चढायला लागली, सावकाश, कुणी पेन्सिलीनं वडल्यासारखी. सगळ्यांनी ती बघितली. कोण हललं न्हाय. डॉक्टरांचं तोंड उघडं. मामाचा हात हवेतच. रेघेतनं पाणी झिरपलं, मग धार लागली, मग पायाखाली गार लागलं. मी आजवर किती आवाज काढलेत, पण त्या टायमाला माझा सोताचा आवाज मला सापडंना.

जो सापडला त्यो डॉक्टरांचा.

"बघताय काय? भांडी आणा! आधी मासे! चला, चला, पटपट!"

हुबेहूब डॉक्टर. आन सगळी खोली पळाली की! गिरणीवाले पळाले, मामी पळाली, खुद्द डॉक्टर बी "हो हो" म्हणत बादली आणायला पळाले. मी सैपाकघरात घुसलो. तितं प्यायच्या पाण्याचा लहान रांजण भरलेला. मी त्यो परसात उपडा केला आन पळत आणून धारंखाली धरला. मासे त्यात घेतले. एक बी मेला न्हाय. आत गोल गोल फिरत व्हते, त्यांना काय, त्यांचा समुद्र रांजणाएवढा झाल्ता.

पेटी रिकामी झाली. ओल्या फरशीवर सगळे उभे. स्टँड जिथल्या तिथं, चारी पायावर ताठ.

"एमैंदी?" तातय्यांनी इचारलं. काय झालं म्हणून. "पाचर सैल व्हती. ठोकली."

त्यांना कोण काय बोलणार? पाचर ठोकायला मामानं शिकवलं नसंल, तर मामाच्या बापानं शिकवलं व्हतं, त्यो बी मागाचाच सुतार. मामा त्यांच्या जागी असता तर त्यानं बी ठोकली असती.

डॉक्टरांनी स्टँड दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम हललं नाही, हे मी मानतो. दुसरी काच मागवतो. पण पाचरी काढा आणि नटबोल्ट लावून द्या. हवं तर वरून रंग द्या, गंजणार नाहीत."

"व्हय," मामा म्हणाला. एवढंच. दुकानाला कुलूप लागणार न्हवतं. पण मी त्येचं तोंड बघितलं आन मला वाटलं, बोल्टापरीस कुलूप लागलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतनं डॉक्टरांच्या आई आल्या. घरात त्या कन्नड बोलायच्या आन रागात कन्नड-मराठी दोन्ही.

"अय्यय्यो! प्यायचं पाणी कुणी वतलं? रांजण कुणी हलवला? ए, तू! मिठाच्या पाण्यापायी गोडं पाणी मातीत घातलंस? आता मासे प्यायचे का आमी?"

मी मान खाली घातली. डॉक्टर माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "आणि मघाशी तो आवाज..."

दुकानात आल्यावर मामानं दार लावलं आन सुरू झाला.

"डॉक्टरांचा आवाज काढतोस? डॉक्टरांच्या घरात? डॉक्टरांच्या म्होरं?"

"मासे वाचले की, मामा."

"मासे गेले चुलीत! पाचर सैल झालेली तुला दिसली न्हाय?"

"तुमी बी तितंच व्हता की."

"मी लोकांकडं बघत व्हतो!"

"मी माशांकडं."

"मासे बघायला नेलं व्हतं तुला? त्या म्हाताऱ्याला परवा पट्टी काढलेल्या डोळ्यानं दिसती, आन तुला जन्मापासनं दोन धडके डोळे हायत, तुला दिसत न्हाय! तोंड तेवढं चालतंय, चाललंय आपलं गिरणीवानी! मोडनिंबला काय शिकलास, ह्योच धंदा? आता उद्या सकाळी बाजारात जायाचं आन नटबोल्ट आणायचे. इचारलं कशाला, तर सांगायचं पलंगाला पायजेत. माझं नाव घ्यायचं न्हाय. आन सोताच्या आवाजात मागायचे, काय? दुसऱ्या कुणाचा आवाज काढलास तर तंगडं मोडून तितंच बसवीन, आन बोल्ट लावून बसवीन!"