भिंगरीच्या हाती ढाल

भिंगरी जेवायला बसला तरी मध्ये दोनदा उठायचा. एकदा मीठ आणायला, एकदा आणलेलं मीठ परत ठेवायला. गल्लीनं हे नाव त्याला लहानपणीच चिकटवलं होतं. पुढे त्यानं केशकर्तनाचं दुकान टाकलं तेही याच हिशोबानं: गिऱ्हाईक बसणार, आपण त्याच्याभोवती फिरणार.

अशा माणसाच्या हातात मेहुण्यानं ढाल दिली हेच मुळात नवल. सुट्टीच्या दुपारी भिंगरी, त्याची बायको, दुसऱ्या शहरात राहणारा तिचा मोठा भाऊ आणि शेजारचा प्लंबर असे चौघे मिळून ऑनलाइन गेम खेळत. भिंगरी त्यातला टँक. टँकचं काम सांगायला सोपं: राक्षसाला डिवचायचं, त्याचं तोंड आपल्याकडे ठेवायचं आणि मार खायचा. तोवर मेहुणा आणि प्लंबर त्याला बाजूनं बडवणार, बायको लांब उभी राहून सगळ्यांच्या जखमा भरणार.

गेले काही आठवडे त्यांचं घोडं एका ड्रॅगनपाशी अडलं होतं. त्याचा जाळ शंकूसारखा निघायचा. दातांशी वीतभर, पुढे पसरत अर्धं दालन व्यापणारा. ड्रॅगन कायम टँककडे तोंड करणार, आणि टँक उभा त्याच्या नाकाला नाक लावून. भिंगरीनं सवयीनं पाऊल इकडे टाकलं, तिकडे टाकलं की ड्रॅगनचं धूड गर्रकन फिरायचं आणि जाळ थेट बायकोवर.

"दाजी, बहीण तुम्हाला दिली ती भाजून काढायला नव्हे!" हेडफोनमधून मेहुणा ओरडला.

"मेव्हणे, पाय माझं ऐकत नाहीत."

"मग असं करू. पुढच्या सुट्टीला शेवटची संधी. नाही जमलं तर ढाल प्लंबरकडे. राग मानू नका."

"राग कसला?" भिंगरी म्हणाला. राग नव्हताच, पण ढाल सोडायची नव्हती. आजवर त्याला कुणी म्हणालं नव्हतं की तू पुढे हो, आम्ही तुझ्या भरवशावर मागे उभे आहोत. लग्नाकार्यात फोटो काढतानाही त्याला कडेला उभं करत. हलला तर कापून टाकता यावा म्हणून.

आठवडाभर तो तळमळत होता. दुकान बंद करून एकट्यानंच सरावाला बसला. खिळा ठोकल्यासारखा उभा राहून पाहिलं. शंकू त्याच्याच अंगावर राहिला, झकास! तेवढ्यात जमिनीवर सरळ लाल पट्टा उमटला, ड्रॅगन त्या पट्ट्यातून धावत आला आणि भिंगरीचा भुगा झाला. म्हणजे पट्टा चुकवायला हलायचं आणि शंकू सांभाळायला हलायचं नाही. त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो, जाऊ द्या ना ढाल," बायको म्हणाली. "दादाला काय, तो बोलतो आणि विसरतो."

"मी नाही विसरणार," असं म्हणून तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकानात पोस्टातून निवृत्त झालेले काका आले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांना ऐकल्यासारखं वाटत नसे. भिंगरी उजवीकडे सरकला, काकांची मान उजवीकडे. डावीकडे सरकला, मान डावीकडे. वस्तरा कानाच्या पाळीला लागता लागता राहिला.

"काका, मान सरळ!"

"अरे, तू फिरत फिरत बोलतोस, मी काय भिंतीकडे बघू?"

भिंगरी टॉवेल भिजवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेला. बोलणं चालूच, पायही चालूच. आणि आरशात त्याला दिसलं की काकांची मान जवळजवळ जागच्या जागी आहे. तो परत खुर्चीजवळ आला, एक पाऊल सरकला: हनुवटी थेट खांद्यावर. बेसिनपाशी जाऊन तेवढंच पाऊल सरकला: मान नुसती डुलल्यासारखी.

"माप घेतोयस का रे माझं?"

"काका, तुम्ही बोलत राहा. थांबू नका!" भिंगरी टॉवेल पिळायचाही विसरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ड्रॅगनपासून इतका लांब उभा राहिला की तलवारीचं टोक जेमतेम टेकावं.

"दाजी, पळताय कुठे? जवळ जा!"

"थांबा हो जरा!"

लाल पट्टा उमटला. भिंगरी एक पाऊल बाजूला झाला, ड्रॅगन भसकन शेजारून गेला. भिंगरी लगेच मागे हटून पुन्हा तेवढ्याच अंतरावर उभा राहिला. ड्रॅगन त्याच्याकडे वळून छाती फुगवायला लागला. बायको ड्रॅगनच्या बाजूला खांबापाशी होती. सवयीनं भिंगरीनं पुन्हा पाऊल इकडे टाकलं, तिकडे टाकलं. ड्रॅगनचं डोकं किंचित हललं, इतकंच. जाळ भिंगरीच्या ढालीवर आदळून मागच्या रिकाम्या भिंतीवर पसरला.

"मी जिवंत आहे!" बायको आतल्या खोलीतून ओरडली, तेच कानातही वाजलं.

"गप्प, बरं करत राहा त्यांना!" मेहुण्याचा आवाज चिरकला.

पट्टा, शंकू, पुन्हा पट्टा. भिंगरी खुर्चीत बसल्या बसल्या डुलत होता, गुडघे टेबलाखाली आपटत होते. ड्रॅगन कोसळला तेव्हा त्याला ते आधी कळलंच नाही. तो मेलेल्या ड्रॅगनसमोरही इकडून तिकडे सरकत राहिला.

"ते लांब उभं राहायचं कुणी शिकवलं?" प्लंबरनं विचारलं.

"एका काकांनी. त्यांना माहीत नाही."

मेहुण्यानं घसा साफ केला. "दाजी, ढाल तुमच्याकडेच राहू द्या. आणि पुढच्या दालनाचं दार मी सांगेन तेव्हाच..."

"उघडलं," भिंगरी म्हणाला.