धाकट्या जावेचं मॉडेल

धाकटी जाऊ घरात येण्याआधी आमच्याकडे इमारतींबद्दल काही विचारायचं झालं तर लोक मला विचारत. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून डहाणू रोडला एका इंजिनिअरांच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करत होते. लग्न होऊन सरावलीला आले तरी नोकरी सोडली नाही, आणि सासऱ्यांनीही कधी सोड म्हटलं नाही. उलट कोणी शेजारी घरावर मजला चढवायचा म्हणाला की ते त्याला ओटीवर बसवत, मला आतून बोलावत आणि म्हणत, आमच्या सूनबाईंना दाखवा. मी कागदावर चार रेघा ओढून जिना कुठून काढता येईल ते सांगायचे. समोरचा माणूस मान डोलवायचा, आणि सासरे माझ्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यांचं ते बघणं मला फार आवडायचं. माहेरी माझ्या शिक्षणाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

मग २०१५ साली धाकट्या दिराचं लग्न झालं. मुलगी वापीची, गुजराती घरातली, सुरतेला आर्किटेक्चर शिकलेली. लग्नाआधी मला वाटत होतं, चला, घरात बोलायला आपल्या विषयातलं कोणी येतंय. ती आल्यावर मात्र पहिल्या काही दिवसांतच माझ्या पोटात काहीतरी दुखायला लागलं. तिला नाव ठेवावं असं काही सापडेना. भाकरी वाकडी व्हायची तर स्वतःच हसायची. सासूबाईंच्या पायाला तेल लावून द्यायची. मला भाभी म्हणायची आणि माझं मराठी ऐकून ऐकून आपलं सुधारायची. वाईट असती तर माझं सोपं झालं असतं.

त्या सुमारास आमच्या ऑफिसकडे तलासरीच्या बाजूला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधायचं काम आलं. प्लॅन सगळे मी काढले होते. सासऱ्यांनी बाजारात भेट झाली तेव्हा सरांच्या कानावर घातलं की धाकटी सूनही याच कामातली आहे, कंप्युटरवर अख्खी इमारत उभी करते. सरांनी तिला बोलावलं. मला हे कळलं ते ती सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन माझ्या स्कूटरपाशी येऊन उभी राहिली तेव्हा. ती मागे बसली, आमच्या दोघींच्या मध्ये बॅग. ऑफिसपर्यंत त्या बॅगेचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता, आणि मी मुद्दाम तिला ती बाजूला घ्यायला सांगितलं नाही.

तिने माझे प्लॅन घेतले आणि पुढच्या आठवड्यात वसतिगृह पडद्यावर उभं केलं. या पद्धतीला बिम म्हणतात असं तिने सांगितलं. आमच्या ऑफिसात बीम म्हणजे तुळई, म्हणून मी विचारलं की फक्त बीमच का काढले, कॉलम कुठे आहेत. सर हसले. तिने न हसता समजावून दिलं, आणि त्याचाही मला रागच आला.

ती काय करत होती ते मी खुर्ची ओढून बघत बसले. मी रेघा काढायचे, ती भिंत काढायची. तिच्या भिंतीला आपण किती उंच, किती जाड, कशाची हे ठाऊक असायचं. तिने प्लॅनमध्ये खिडकी हलवली की बाहेरून दिसणाऱ्या चित्रात हलायची, इमारत उभी कापून दाखवणाऱ्या छेदात हलायची, खिडक्यांच्या तक्त्यातही बदलायची. मी तोच बदल प्रत्येक कागदावर वेगळा करायचे आणि एकही जागा विसरायचे नाही. याच गोष्टीसाठी सर माझं नाव घेत. ऑफिसात माझी सगळी किंमत त्या न विसरण्यात होती, आणि हिच्या कंप्युटरला विसरताच येत नव्हतं.

त्यातच एक दिवस पडद्यावर लाल ठिपका आला. तिने तो मोठा करून दाखवला. न्हाणीघराचा मोठा पाइप सरळ एका बीमच्या पोटातून जात होता. पाइपांचं ड्रॉइंग प्लंबरकडच्या माणसाने केलेलं, बीमचं मी. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. ते एकावर एक ठेवून कधी कोणी पाहिलेच नव्हते. मी म्हटलं, असं होतंच, साइटवर जमवून घेतात. सर म्हणाले, हो, बीम फोडून जमवतात. त्या दिवसानंतर माझा कुठलाही कागद बाहेर जाण्याआधी तिच्याकडे जायला लागला.

मग तलासरीला संस्थेच्या लोकांना इमारत दाखवायची बैठक ठरली. संस्थेची माणसं, शिक्षिका आणि जवळच्या पाड्यांवरचे काही आईबाप आले होते. मी मोठे प्रिंट काढून, गुंडाळी करून नेले होते. धाकटीने पुठ्ठ्याचा एक चष्मा काढला, त्यात इमारत आतून दाखवणारा मोबाइल बसवला आणि समोर बसलेल्या एका बाईंच्या डोळ्यांना लावला. त्या बाईंची मुलगी तिथे राहायला येणार होती. बाई आधी उठून ताठ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वळवली, वर पाहिलं आणि हात पुढे करून हवेतच भिंत चाचपली. सगळे हसले, त्याही हसल्या. चष्मा काढल्यावर त्यांनी धाकटीला विचारलं, "माझी पोर इथे झोपणार?"

धाकटी म्हणाली, हो, याच खोलीत, खिडकीजवळ.

इतकी वर्षं मी प्लॅन काढत होते, पण मला असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. लोक माझ्या कागदावर बोट ठेवून, हे काय, ते काय, एवढंच विचारत. चष्म्यासाठी रांग लागली. मधेच चहा आला, ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून कोणीतरी तो माझ्या उलगडलेल्या प्रिंटवर ठेवला. मी तो उचलला नाही. कपांच्या खाली ओली वर्तुळं उमटत गेली आणि मी ती बघत उभी राहिले.

घरीही हळूहळू सगळं फिरलं. किनाऱ्यावरच्या वरोर गावाहून सासऱ्यांचे एक ओळखीचे आले, त्यांना मासळी वाळवायच्या जागेवर शेड घालायची होती. सासऱ्यांनी ओटीवरून हाक मारली ती धाकटीला. मी आत आमटी ढवळत ऐकत होते. ती मोबाइलवर शेड गोल गोल फिरवून दाखवत होती आणि पाहुणे पुन्हा पुन्हा म्हणत होते, परत एकदा फिरवा. मी आमटीत मीठ दोनदा घातलं.  जेवताना धाकटीने ताटात आणखी भात घेतला आणि म्हणाली, आज छान झालीय.

मी तिच्या चुका शोधायला लागले. तिला आपली हवा माहीत नाही, असं मी एकदा सरांसमोर म्हटलं. डहाणूला खाडीच्या काठावर खाऱ्या वाऱ्याने सळया गंजून कशा फुगतात आणि स्लॅबच्या खालचं काँक्रीट कसं सुटतं, हे सुरतेच्या कॉलेजात शिकवतात का, असं विचारलं. मला तिला गप्प करायचं होतं. तिने लक्ष देऊन ऐकलं, किती अंतरापर्यंत असं होतं ते विचारलं, आणि खाडीजवळच्या पुढच्या कामात सळईवरचं काँक्रीट जाड धरलं. माझा टोमणासुद्धा तिच्या मॉडेलमध्ये माहिती म्हणून जाऊन बसला.

ऑफिसातल्या माझ्या कंप्युटरवर मी गुपचूप तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. मशीन जुनं होतं. भिंत काढली की पडदा थिजायचा. दुपारी मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ बघायचे, तेही अर्धेच कळायचे. शेजारच्या टेबलावर ती बसलेली असायची. तिला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं, म्हणूनच मी विचारत नव्हते. तोवर वसतिगृह बांधून झालं, मुली राहायला आल्या, आणि उद्‌घाटनाच्या फोटोत धाकटी पुढे, मी मागच्या रांगेत होते.

२०१८च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. ते एकदा येऊन थांबले नाहीत, येतच राहिले. थंडीत माणसं घराबाहेर तंबूत झोपायला लागली. शाळांच्या आणि वसतिगृहांच्या भिंतींना तडे गेलेत का ते पाहायचं काम काही ठिकाणी आमच्या ऑफिसकडे आलं, आणि आम्ही दोघी स्कूटरवरून गावोगाव फिरायला लागलो. मी भिंती ठोकून पाहायचे आणि सांगायचे, ती टॅबवरच्या मॉडेलमध्ये त्याच भिंतीवर तडा नोंदवायची आणि फोटो जोडायची.

अशाच एका दुपारी आम्ही त्या मुलींच्या वसतिगृहात होतो. शाळेचे वर्ग तिथेच बाहेर पटांगणात मांडवाखाली भरले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीच्या गिलाव्याला एक केसाएवढी भेग होती, बाकी इमारत चांगली होती. भेगेची नोंद करतानाच जमिनीखालून गडगड आवाज आला, मोठा ट्रक जवळून जावा तसा, आणि पत्र्याच्या डब्यांवरची झाकणं वाजली. धाकटीने माझं मनगट धरलं. आम्ही पळत बाहेर आलो. मुली उठून मोकळ्यात उभ्या होत्या, कोणी रडत नव्हतं. त्यांना सवय झाली होती. थोड्या वेळाने शिकवणाऱ्या बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि वर्ग पुन्हा सुरू झाला.

आम्ही पायऱ्यांपासून लांब, कुंपणाजवळ बसलो. तिने अजून माझा हात सोडला नव्हता. ती म्हणाली, "भाभी, तुम्हाला माझ्यावर राग आहे ना? मी आले तेव्हापासून."

भूकंप झाला नसता तर मी नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "राग नाही. हेवा वाटतो तुझा."

तिला शब्द कळला की नाही कोण जाणे. मी गुजरातीत सांगितलं, ईर्ष्या.  ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही."

"आवडतेस. म्हणून जास्त वाटतो."

तिने मला शिकवेन म्हटलं, आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर शिकवायला सुरुवातही केली. शिक्षिका म्हणून ती वाईट होती. माझा हात थांबला की माउस ओढून घ्यायची आणि भराभर करून मोकळी व्हायची. मी तिच्या हातावर चापट मारून माउस परत घ्यायचे. तिला एखादी गोष्ट येत नाही हे पाहून मला किती बरं वाटलं ते मी तिला सांगितलं, आणि ती पोट धरून हसली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी एका प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीचं मॉडेल पूर्ण केलं. सगळं मीच केलं, भेगांसकट. सरांनी पाहून छान म्हटलं.

घरी आल्यावर मी ते धाकटीला दाखवलं. ती खुर्चीतून उठली, दिराला आणि सासूबाईंना बोलावून आणलं, शाळा फिरवून फिरवून दाखवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे फक्त आनंद होता. माझ्यामुळे तिचं काही कमी झालं असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं. एवढी वर्षं मी जिच्याशी मनात झुंजत होते, तिच्या मनात तसली झुंजच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सासूबाईंना आनंदाचं वाटलं.

२०१९च्या उन्हाळ्यात दिराला अहमदाबादला नोकरी लागली आणि ती दोघं गेली. निघताना ती गळ्यात पडून रडली, मीही रडले. ऑफिसात मॉडेलचं काम आता मी करते. लोक अजून विचारतात, त्या दुसऱ्या मॅडम दिसत नाहीत. मी म्हणते, मोठ्या शहरात गेल्या.

मध्यंतरी तिचा फोन आला. ती आता ड्रोन उडवून जमिनीची मापं घेते, आणि संध्याकाळपर्यंत सगळी टेकडी चढउतारांसकट पडद्यावर येते, असं सांगत होती. पोटात पुन्हा तेच जुनं दुखणं उठलं. मी तिला सरळ सांगितलं की मला हेवा वाटतोय. ती म्हणाली, व्हिडिओ पाठवते. तिने पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मग सरांना विचारलं की आपल्याला ड्रोन कुठे भाड्याने मिळेल.