कालिंदीकाकूंच्या संगणकावरचा पहारा

संगणकानं काहीही विचारलं, की कालिंदीकाकू आधी हात मांडीवर घ्यायच्या. पडद्यावरचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचायच्या, त्याचं वऱ्हाडी करायच्या आणि मगच बटण दाबायच्या. "आंधी समजू तं दे, हा काय मांगून राहिला थे."

अकोल्यात आमच्या दोन घरांत भिंत एकच. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर काकू घरी विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायच्या. काका गेलेले, मुलगा समीर पुण्यात.

गेल्या उन्हाळ्यात त्या फार थकल्या होत्या. खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागे. एका दुपारी मी तिथं असतानाच समीरचा फोन आला. "आई, गुडघ्याचं ऑपरेशन तिकडे नको. पुण्यात करू."

फोन ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. "म्या कोनालेच नाही सांगतलं वं पोरी," त्या म्हणाल्या. "फक्त याच्यावर टाइप करून शोधलं होतं." बोट संगणकाकडे होतं.

आत कुणी हेर बसला असावा, हे दोघींनाही कळलं. मी घाईघाईनं शोधायला लागले. 'फुकट सफाई' अशी चमकणारी पहिलीच जाहिरात उघडणार, तोच काकूंनी माझा हात धरला. "तुमच्या घरात साप हाय म्हनून दारावर येनारा गारुडी साप संगच घेऊन येते."

मग आम्ही नीट वाचत बसलो. हेर शोधणारं साधन कोण बनवतं, जाणकार काय म्हणतात, फुकटाच्या बदल्यात ते काय मागतं. दोन चांगली सापडली. मी म्हटलं, दोन्ही टाकू. "नको. दोन राखनदार एकमेकालेच चोर समजतात." संगणकाचं मूळचं संरक्षण चालू ठेवलं आणि जोडीला तपासणीचं एकच साधन घेतलं, तेही बनवणाऱ्याच्याच साइटवरून.

हेर सापडला. दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून बाहेर पाठवणारा तो प्रोग्राम, तारखेवरून दिसलं, आधीच्या दिवाळीत आला होता, समीर घरी येऊन 'आईचा संगणक नीट करून' गेला तेव्हा.

काकूंनी त्याला फोन लावला. त्यानं लगेच कबूल केलं. "तू एकटी असतेस गं. कुणी फसवलं तर? काळजी वाटते."

"काळजी हाय तं इचार ना, बाप्पा. असा खिडकीतून काहून पाहून राहिला होता?" आवाज चढला नाही. चिडायलाही त्राण लागतं. "अन् लोकायच्या पोरायचे प्रबंध हायेत याच्यावर. थे तुह्ये नाहीत." काकूंनी प्रोग्राम काढून टाकला आणि डोळे मिटून मागे टेकल्या.

त्यानंतर समीर रोज संध्याकाळी फोन करू लागला. जेवलीस का, गोळी घेतली का, गुडघा कसा आहे? काकू कंटाळलेल्या आवाजात सगळं सांगत.

हिवाळ्यात ऑपरेशनसाठी त्या पुण्याला गेल्या आणि तिथंच राहिल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन खाली ठेवत त्या मला म्हणाल्या, "लय थकवते वं हा पोरगा. सारं सांगा लागते त्याले."

मग म्हणाल्या, "पन आता म्या सांगतलं, तवाच त्याले समजते."